कामकाजाच्या नोंदीतले पंजाबराव

आमदार-खासदार सभागृहात काय करतात, याची नोंद रोजच्या रोज होत असते. लघुलेखक प्रत्येक भाषण शब्दशः उतरवून घेतात. प्रश्न, उत्तरे, मध्येच झालेली टोकाटोकी, अध्यक्षांचे निर्णय, मतदानाचा निकाल असे सारे त्यात येते. या नोंदीतूनच पुढे आकडे काढले जातात : हजेरी किती, प्रश्न किती, चर्चेत भाग किती वेळा, अशासकीय विधेयके किती. दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था खासदारांचे असे आकडे मांडते आणि निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रे ते छापतात. आकडे उपयोगी असतात, पण प्रतिनिधीचे खरे काम मूळ भाषणे वाचल्यावरच कळते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांची नोंद याचा भक्कम पुरावा आहे.

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. बॅरिस्टर होऊन आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि 1930मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या कायदेमंडळात जाऊन शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याही आधी अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी इंग्रजांच्या केंद्रीय कायदेमंडळात रौलट समितीच्या अहवालावरील कार्यवाही थांबवावी, असा ठराव 1918मध्ये मांडला होता. सरकारने तो मानला नाही, पण विरोधाची नोंद झाली. सभागृहात उभे राहून सरकारला अडवण्याची ही रीत वऱ्हाडाला जुनी आहे.

पंजाबरावांची सर्वांत वाचनीय नोंद संविधान सभेतली. मसुद्यातल्या कलमात बदल हवा असेल, तर सदस्याने दुरुस्ती लेखी द्यायची, तिला क्रमांक मिळायचा, आपली पाळी आली की ती सभेपुढे मांडायची, तिच्यावर बोलायचे. मग मसुदा समितीतर्फे बहुधा डॉ. आंबेडकर उत्तर देत आणि शेवटी मत घेतले जाई. अशा 2,473 दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. पंजाबराव काँग्रेस पक्षाचे, तरीही पक्षाला न रुचणाऱ्या दुरुस्त्या त्यांनी पुन्हा पुन्हा मांडल्या. खेड्यातला शेतकरी आणि मागास समाज यांना राज्यकारभारात वाटा मिळावा, हा त्यांचा कायमचा आग्रह होता.

ऑगस्ट 1949मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली. इतके स्वस्त नागरिकत्व जगात कुठे नसेल, असा पंजाबरावांचा आक्षेप होता. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू वा शीख व्यक्तीला भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा, अशीही दुरुस्ती त्यांनी मांडली. धर्माच्या आधारे असा भेद करणे अनेक सदस्यांना मान्य नव्हते. नेहरूंनी मसुद्याची बाजू घेतली आणि दुरुस्ती फेटाळली गेली. त्यांची भूमिका पटो वा न पटो, 2019मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या लेखकांना हीच पाने पुन्हा उघडावी लागली. नामंजूर झालेली दुरुस्तीसुद्धा सत्तर वर्षांनी कामास येते, कारण तिच्यामागची कारणे आणि तिला मिळालेली उत्तरे जशीच्या तशी नोंदलेली असतात.

केवळ मंजूर किती आणि नामंजूर किती एवढेच मोजले, तर पंजाबरावांच्या वाट्याला फारसे यश दिसत नाही. परंतु 25 नोव्हेंबर 1949च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी ज्या बंडखोर सदस्यांची नावे घेतली, त्यांत कामत यांच्या पाठोपाठ डॉ. देशमुखांचे नाव आहे. सर्वांनीच पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती, तर सभा होयबांचा मेळावा झाली असती, असे ते म्हणाले. या बंडखोरांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, असेही त्यांनी सांगून ठेवले. ज्याच्या मसुद्यावर टीका झाली, त्यानेच टीकाकाराला दिलेला हा दाखला आहे. वऱ्हाडातल्या कुणाही प्रतिनिधीला सभागृहात मिळालेला यापेक्षा मोठा मान सांगता येणार नाही.

1952मध्ये पंजाबराव अमरावतीहून लोकसभेत गेले आणि 1962पर्यंत केंद्रात शेती खात्याचे मंत्री राहिले. येथे नोंदीचे रूप पालटते. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. हजेरीपटावर सहीही करत नाही. त्यामुळे मंत्र्याच्या नावापुढे प्रश्नांच्या रकान्यात शून्य दिसले, तर तो आळस नव्हे. अकोल्याचे संजय धोत्रे 2019 ते 2021 राज्यमंत्री होते. त्या काळातल्या त्यांच्या आकड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

साध्या सदस्यासाठी मात्र प्रश्नोत्तराचा तास हे मोठे हत्यार. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडत काढून. त्यांना मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. बाकीचे अतारांकित; त्यांची उत्तरे लेखी मिळतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यावर शंभर अतारांकित प्रश्न विचारून आकडा फुगवता येतो. पण मंत्र्याचे उत्तर अपुरे आहे हे हेरून त्याला नेमके अडवणारा एक पूरक प्रश्न त्यांहून भारी पडतो. वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे असो की कापसाचा भाव, मुरलेला सदस्य याच वाटेने सरकारकडून आश्वासन वदवून घेतो आणि ते नोंदवले गेले की पाठपुरावा करता येतो. शुक्रवारी चर्चेला येणाऱ्या अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या, विधेयकांचेही असेच. स्वातंत्र्यानंतर अशी 14 विधेयकेच कायदा झाली, शेवटचे 1970मध्ये. तरीही विधेयक मांडले की विषयावर चर्चा घडते आणि सरकारला आपली भूमिका सांगावी लागते.

पंजाबराव 10 एप्रिल 1965 रोजी गेले, तेव्हाही ते अमरावतीचे खासदार होते. संविधान सभेतली त्यांची भाषणे आणि लोकसभेची त्यानंतरची सारी कार्यवाही आज कुणालाही विनामूल्य वाचता येते. अमरावती आणि अकोल्याच्या मतदारांनी आपल्या खासदाराचे आकडे जरूर पाहावेत, पण मत देण्याआधी त्याची निदान दोन भाषणे पुरती वाचावीत.