पीआर आहे, पण परत जाता येईल का?

आई आजारी पडली म्हणून तुम्ही मेलबर्नहून किंवा न्यू जर्सीहून नोएडाला आलात. दोन महिन्यांसाठीच आला होतात. पण ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी सुरू झाली, बाबांना एकटं सोडवेना, मुलांची शाळाही इथेच सुरू झाली. बघता बघता दीड-दोन वर्षं उलटली. आता परत जायचं ठरलं, तिकीट काढलं, बॅगा भरल्या. आणि दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल ३ वर काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगते, ''सॉरी, तुम्हाला या व्हिसावर जाता येणार नाही.''

तुम्ही म्हणता, ''अहो, पण माझा पीआर कायमचा आहे!''

इथेच बहुतेकांची गफलत होते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून कित्येक कुटुंबं भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशातला कायमचा निवास, म्हणजेच पीआर घेतात. पण 'कायमचा' या शब्दामागे अट असते. तुम्ही त्या देशात राहायला हवं आणि राहिला नसाल, तर का राहिला नाहीत हे कागदावर दाखवता यायला हवं.

प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा

ऑस्ट्रेलिया : पीआर मिळाल्यावर ये-जा करण्याची परवानगी साधारण ५ वर्षांची असते. ती संपली की तिथे राहायला अडचण नाही, पण देशाबाहेर पडून परत यायचं असेल तर 'रेसिडेंट रिटर्न व्हिसा' लागतो. मागच्या ५ वर्षांत पीआरधारक म्हणून मिळून २ वर्षं तिथे राहिला असाल, तर सबक्लास १५५ वर पुन्हा ५ वर्षांची परवानगी मिळू शकते. दिवस कमी भरत असतील, तर ऑस्ट्रेलियाशी असलेलं भक्कम नातं दाखवावं लागतं. नोकरी, व्यवसाय, तिथे राहणारं कुटुंब, असं काहीतरी. मग परवानगी जास्तीत जास्त १ वर्षाची मिळते. सलग ५ वर्षं किंवा जास्त बाहेर असाल, तर इतके दिवस बाहेर राहण्याचं सबळ कारणही द्यावं लागतं. सबक्लास १५७ मध्ये फक्त ३ महिने मिळतात.

हा अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी चाणक्यपुरीत खेटे घालावे लागत नाहीत. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज मात्र वेगळा भरायचा. दरम्यान पासपोर्ट नवा केला असेल, तर नवा नंबर आपल्या खात्यात आधी नोंदवा.

अमेरिका : ग्रीन कार्डवर १० वर्षांची तारीख छापलेली असते आणि लोक तिच्याच भरवशावर राहतात. पण सलग १ वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात, तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. जास्त दिवस लागणार हे आधीच माहीत असेल, तर निघण्यापूर्वी 'रीएंट्री परमिट'चा अर्ज करावा. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि परमिट साधारण २ वर्षांपर्यंत चालतं.

परमिट नसेल, तर उरतो तो 'रिटर्निंग रेसिडेंट' म्हणजे एसबी-१ व्हिसा. त्यासाठी डीएस-११७ हा फॉर्म भरावा लागतो आणि तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. निघताना तुम्ही कायदेशीर पीआरधारक होतात, परत येण्याचा इरादा होता आणि तो कधीच सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणामुळे. प्रवासाच्या निदान ३ महिने आधी अर्ज करा. तो मंजूर झाल्यावरही मेडिकल आणि मुलाखत असतेच. घर दिल्लीत आहे म्हणून मुलाखत दिल्लीतच होईल असं धरून चालू नका, दूतावासाच्या वेबसाइटवर आधी बघा.

कॅनडा : ५ वर्षांत ७३० दिवस भरायला हवेत, सलग नसले तरी चालतात. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर आपोआप जात नाही, मात्र भारतातून परतायला 'ट्रॅव्हल डॉक्युमेंट' लागतं. कॅनडाचा नागरिक असलेल्या नवऱ्यासोबत किंवा बायकोसोबत बाहेर राहिलेले दिवस धरले जातात. मुलगा नागरिक आहे आणि आई-बाबा त्याच्यासोबत भारतात राहिले, तर ते दिवस धरत नाहीत. अर्ज नाकारला गेला, तर अपिलासाठी ६० दिवस असतात.

ब्रिटन : तिथल्या कायम निवासाच्या परवान्यावर सलग २ वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर साधारणपणे तो हक्क संपतो. मग 'रिटर्निंग रेसिडेंट' व्हिसा मागावा लागतो.

''आई आजारी होती'' एवढं पुरेसं नाही

कारण खरं असतं, पण पुरावा नसतो. कारण आपण दवाखान्याच्या धावपळीत असतो, कागद कोण सांभाळणार? तरीही सांभाळायला हवेत.

समजा, आई ८ महिने आजारी होती आणि तुम्ही ३ वर्षं राहिलात. अधिकारी उरलेल्या काळाबद्दल विचारणारच. म्हणून एका कोऱ्या कागदावर महिन्यांची यादी करा. कुठल्या महिन्यात काय झालं आणि त्याचा कागद कोणता, हे समोरासमोर लिहा. हॉस्पिटलचे तारखेसहित डिस्चार्ज पेपर, डॉक्टरांचं पत्र, दुर्दैवाने मृत्यू झाला असेल तर महापालिकेचा दाखला, भावंडं जवळ नव्हती हे दाखवणारं काही. हिंदी-मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या.

कोरोनाकाळाचंही तसंच. २३ मार्च २०२० पासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, ती २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. ३ ते १५ मे २०२१ या दिवसांत तर ऑस्ट्रेलियाने भारतात राहून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दार बंद केलं होतं. तेव्हा अडकलात हे कोणीही मान्य करेल. पण विमानं सुरू झाल्यावर का गेला नाहीत, याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.

दुसरी फाइल तिकडच्या नात्याची करा. टॅक्स रिटर्न, घराचा करार, बँक खातं, नोकरीचं पत्र, मुलांची शाळा. अमेरिकेचा टॅक्स 'नॉनरेसिडेंट' म्हणून भरला असेल, तर तो तुमच्या विरोधात जाऊ शकतो.

या चुका टाळा

'गॅरंटी'ने काम करून देणाऱ्या एजंटापासून दूर राहा. मदत घ्यायचीच असेल, तर त्या देशात नोंदणी असलेल्या सल्लागाराची घ्या. अर्जाचं खातं तुमच्याच ईमेलवर उघडा, पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

तारखा लपवू नका. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमान कंपन्यांच्या नोंदी सगळं सांगतात. खोटं सापडलं, तर पुढचे दरवाजेही बंद होतात.

अमेरिकेच्या विमानतळावर आय-४०७ हा फॉर्म पुढे केला, तर न वाचता सही करू नका. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडण्याचा फॉर्म आहे. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि सोडायचंच असेल तर?

हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलायला हवा. कित्येक आई-बाबा मुलाच्या आग्रहाखातर ग्रीन कार्ड घेतात आणि मग दर वर्षी मनाविरुद्ध विमानात बसतात. गुडघे दुखतात, मित्रमंडळी इकडे, जीवही इकडेच. शिवाय कार्ड आहे तोवर जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेला द्यावा लागतो. अशा वेळी रीतसर कार्ड परत करून नातवंडांना भेटायला टुरिस्ट व्हिसा मागणं जास्त सुटसुटीत असतं.

पण परत जायचं असेल, तिकडे नोकरी असेल, मुलांचं पुढचं शिक्षण असेल, तर वाट बघू नका. आज संध्याकाळीच पासपोर्ट काढा, शिक्के बघून दिवस मोजा आणि कार्डाची किंवा व्हिसाची तारीख तपासा. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर एकदा खात्री करा. मगच तिकीट काढा.

आईजवळ थांबलात, यात तुमचं काही चुकलं नाही. फक्त तिच्या औषधांच्या फाइलशेजारी आपलीही एक फाइल ठेवा.