मधुमेह आणि शेतकऱ्याचें पाऊल

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, गुरांचे रोग व बाजारभाव यांविषयीं वरचेवर लेख येतात. परंतु ज्या शरीराच्या जोरावर ही सर्व शेती चालावयाची, त्याच्या दुखण्याविषयीं आपण शेतकरी फारसें बोलत नाहीं. बैल लंगडूं लागला तर आपण त्याच दिवशीं त्याचा खूर उचलून पाहतों. स्वतःचें पाऊल मात्र महिनोन्महिने पाहत नाहीं. प्रस्तुत लेखकास या हयगयीची किंमत उजव्या पायाचें एक बोट देऊन चुकवावी लागली. तो अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. मुलकी खात्यांत कारकुनी करून मी घरच्या भातशेतीवर परत आलों. नोकरींत असतांनाच मला मधुमेह असल्याचें कळलें होतें. कांहीं महिने गोळ्या घेतल्या, साखर उतरली, आणि रोग गेला असें समजून त्या बंद केल्या. पुढें तीन वर्षांनीं लावणीच्या वेळीं चिखलांत पायांत कांटा मोडला. दुखलें नाहीं म्हणून मीं लक्ष दिलें नाहीं. तें न दुखणें हेंच रोगाचें लक्षण होतें, हें मागाहून समजलें.

रोगाचें स्वरूप.— आपण खातों त्या अन्नाची पचनानंतर साखर होते व ती रक्तावाटें सर्व अवयवांस पोंचते. पाटाचें पाणी वाफ्यांत घेण्यास जसें दार धरावें लागतें, तशी ही साखर अवयवांत शिरण्यास इन्सुलिन नांवाच्या रसाची गरज असते. हा रस जठरामागील स्वादुपिंडांत तयार होतो. तो कमी पडला, किंवा असूनही त्याचा अंमल चालेनासा झाला, म्हणजे पाट तुडुंब आणि वाफा कोरडा अशी स्थिति होते. मग फार तहान लागणें, वारंवार लघवी होणें, थकवा, वजन घटणें, जखम न भरणें हीं लक्षणें दिसूं लागतात. पुष्कळांस तर आरंभीं कांहींच जाणवत नाहीं. आपल्या प्राचीन वैद्यांस हा रोग ठाऊक होता. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. परंतु इन्सुलिन हातीं आलें तें १९२१ सालीं, कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांमुळें. ज्या मुलांच्या अंगीं हा रस जवळजवळ तयारच होत नाहीं, तीं त्यापूर्वीं फार दिवस वांचत नसत. आज तीं इन्सुलिनच्या टोंचणीवर वाढतात, शिकतात व संसारही करितात.

शेतकऱ्यास हा रोग होतो काय?— हा लठ्ठ सावकाराचा रोग, आपणां कष्टकऱ्यांस त्याचें भय नाहीं, अशी समजूत आहे. ती खरी नाहीं. २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत मधुमेही सुमारें १० कोटि १० लक्ष होते, आणि आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी केली. तेथील अर्भकें वजनानें इंग्लंडांतील अर्भकांहून बरींच हलकीं, परंतु अंगावरील चरबी मात्र त्या मानानें कमी नव्हे, असें त्यांस आढळलें. म्हणजे दिसण्यांत किडकिडीत मनुष्यही आंतून या रोगास जवळचा असूं शकतो. अशा देहाचे कष्ट कमी झाले आणि खाणें तेंच राहिलें, कीं रोगास वाट मिळते. आपल्या भागांत नेमकें हेंच घडलें आहे. अंबरनाथेस कारखाने आले, बदलापुरांत इमारती उठल्या, कित्येकांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या राहिल्या ते मोटारसायकलीवरून बांधापर्यंत जातात. ताटांतील भात मात्र नांगरामागें चालणाऱ्या माणसाच्याच मापाचा राहिला.

तपासणी.— उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ वा अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या तपासणींत ६.५ टक्के वा अधिक आढळली, आणि फेरतपासणींतही तसेंच दिसलें, तर मधुमेह समजतात. तीस वर्षांवरील प्रत्येकानें ही तपासणी करून घ्यावी. जवळचें प्राथमिक आरोग्य केंद्र, बदलापूरचें ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचें छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय यांपैकीं जें सोईचें पडेल तेथें चौकशी करावी.

आहार.— भात अजीबात सोडावा असें नाहीं. त्याचा ढीग निम्मा करावा व ती जागा भाजीनें आणि वालाच्या बिरड्यानें, चवळीनें, आमटीनें भरावी. नाचणीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच खावी. गूळ चालतो व साखर चालत नाहीं, हा भ्रम होय. रक्ताच्या दृष्टीनें दोन्ही सारखींच. बांधावर दिवसांतून पांच-सहा वेळां होणारा गोड चहा हाही हिशेबांत धरावा.

जांभळाविषयीं दोन शब्द.— बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. हंगामांत मूठभर जांभळें मधुमेह्यानें खुशाल खावीं. परंतु बियांचें चूर्ण घेऊन गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणें हा आत्मघात आहे. चूर्णानें औषधाची जागा भरून निघते असें माणसांवरील प्रयोगांनीं सिद्ध झालेलें नाहीं. जांभूळ विकावें, चवीनें खावें. त्याच्यावर जिवाचा भार टाकूं नये.

औषध व उपवास.— शेतसारा एकदां भरला म्हणून पुढील सालीं माफ होत नाहीं. मधुमेहाचेंही तसेंच आहे. साखर उतरली ती औषधानें व पथ्यानें, म्हणून वैद्यकीय सल्ल्यावांचून औषध सोडूं नये. थकबाकी सांचत जाते, आणि तिची वसुली पुढें डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय यांच्यावर निघते. यास्तव डोळ्याचा पडदा, लघवी व पाय यांची तपासणी दरसाल करवावी. उपवासाच्या दिवशीं नेहमींप्रमाणें गोळी वा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटीं कामास जाणें धोक्याचें आहे. घाम, कंप, घेरी येऊं लागल्यास ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यांत घालून घ्यावी. उपवास करणेंच असेल तर डॉक्टरांस आधीं विचारावें.

पाऊल.— साखर दीर्घकाळ चढती राहिली म्हणजे पायांतील ज्ञानतंतु मरतात व रक्ताचा पुरवठा मंदावतो. कांटा, खिळा, चप्पलेचा घांसटा कळत नाहीं, जखम चिघळते. म्हणून अनवाणी चालूं नये. भातखाचरांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावे व घालण्यापूर्वीं आंत हात घालून पाहावें. रोज संध्याकाळीं पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या आणि तळवे उजेडांत पाहावे. स्वतःस दिसत नसतील तर घरांतील मुलांस पाहावयास सांगावें. गरम पाण्याचा शेक घेऊं नये, कारण भाजलेलेंही समजत नाहीं. जखम कितीही लहान असो, त्याच दिवशीं दाखवावी.

माझें बोट गेलें, पाय राहिला, आणि आजही मी खाचरांत उतरतों, पण बुटांनिशीं. येत्या लावणीपूर्वीं प्रत्येक सभासदानें आपलें व आपल्या घरच्या वडील माणसांचें रक्त एकदां तपासून घ्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.