विश्लेषण : दुखापतीनंतर पुन्हा धावताना घाई का नडते?

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीगमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस धावताना पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोक्यो जागतिक स्पर्धा हुकली. अशा खेळाडूच्या पुनरागमनामागे डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक असतात. नोकरीवर जाण्याआधी पहाटे धावणाऱ्या हौशी धावपटूकडे मात्र मनगटावरचे घड्याळ आणि मॅरेथॉनची आधीच भरलेली फी असते. चार-सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा धावू लागतो, दोन-तीन आठवडे छान जातात आणि मग नवेच दुखणे सुरू होते. असे का होते आणि ते कसे टाळता येईल?

विश्रांतीत शरीर काय गमावते?

धावणे थांबले की आधी दम कमी होतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात तयारीच्या खेळाडूंना सराव बंद करायला सांगण्यात आले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे स्मार्टवॉचवर दिसणारा ‘व्हीओटू मॅक्स’, २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती १६ टक्के घटीवर स्थिरावली. हे खेळाडू निरोगी होते. दुखापतीत प्लास्टर किंवा कुबड्या असतील, तर पोटरी आणि मांडीचे स्नायूही बारीक होतात. हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, यांचीही भार सोसण्याची सवय मोडते.

मग खरी अडचण कुठे आहे?

हे सगळे एकाच वेगाने परत येत नाही. सराव सुरू होताच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय, स्नायू काही आठवड्यांत प्रतिसाद देऊ लागतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची ताकद वाढायला महिने लागतात. हाडांचे गणित आणखी वेगळे आहे. नवा भार पडू लागला की शरीर आधी जुने हाड काढते आणि मग त्या जागी नवे भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला साधारण तीन महिने लागतात. मधल्या काळात ती जागा तात्पुरती कमकुवत असते.

म्हणजे गाडीचे इंजिन दुरुस्त होऊन आले, पण सस्पेन्शन अजून गॅरेजमध्येच आहे. दम लागत नाही म्हणून वेग वाढवला जातो आणि तो भार नडगी, टाच, घोटा यांच्यावर पडतो. त्यामुळे पुनरागमनातला सर्वात धोक्याचा काळ बरे वाटू लागल्यानंतरचा असतो.

एका पावलाचा भार किती?

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल परत येते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी अडीच पट धरले तरी हा भार १७५ किलोएवढा होतो. टाचेमागच्या अकिलीज कंडरेवरील ताण तर वजनाच्या सहा ते आठ पट असू शकतो. मिनिटाला १६० पावले धरली, तर ३५ मिनिटांच्या पाच किलोमीटरमध्ये ५,६०० पावले पडतात. एका पावलाने काही मोडत नाही. तोच भार हजारो वेळा पडतो आणि मधे दुरुस्तीला वेळ मिळत नाही, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर होते.

पाय तयार आहे हे कसे ओळखावे?

शस्त्रक्रिया किंवा फ्रॅक्चर झाले असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय धावू नये. इतरांनी पुढील गोष्टी तपासाव्यात :

- ३० मिनिटे भरभर चालल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही वेदना नसणे.
- जिना चढता-उतरताना लंगड नसणे.
- एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करणे. दुखऱ्या पायाला चांगल्या पायाइतक्याच वेळा जमायला हवे. २० ते २५ वेळा जमल्यास उत्तम.
- दुखऱ्या पायावर दहा लंगडी-उड्या वेदनेशिवाय मारता येणे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

सुरुवात कशी करावी?

किलोमीटर विसरून मिनिटे मोजावीत. आठवड्यातून तीन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून, सपाट रस्त्यावर गप्पा मारता येतील इतक्या वेगाने धावावे. प्रत्येक दिवशी सहा फेऱ्या, एकूण ३० मिनिटे :

- पहिला टप्पा : १ मिनिट धावणे, ४ मिनिटे चालणे
- दुसरा टप्पा : २ मिनिटे धावणे, ३ मिनिटे चालणे
- तिसरा टप्पा : ३ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे
- चौथा टप्पा : ४ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे

प्रत्येक टप्प्याला किमान एक आठवडा द्यावा. त्रास झाला तर तोच टप्पा पुन्हा करावा. पहिल्या टप्प्यात दिवसाला जेमतेम हजार धावती पावले पडतात. हे फारच सोपे वाटेल, पण ते तसेच असायला हवे. उरलेल्या दिवशी पोटरी, मांडी आणि नितंबांचे व्यायाम करावेत. दम वाढवायचा असेल, तर सायकल किंवा पोहणे आहे.

१० टक्क्यांचा नियम खरा आहे का?

‘आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र या नियमाने चालणारा गट आणि दुसरा गट यांच्यातील दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच, २० टक्क्यांच्या आसपास निघाले. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंवरील अभ्यासात वेगळी गोष्ट दिसली. मागील ३० दिवसांतील सर्वात लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून अधिक लांबली, तर दुखापतीचा धोका वाढतो. म्हणून आठवड्याच्या बेरजेइतकेच रविवारच्या ‘लाँग रन’वर लक्ष ठेवावे.

कोणती वेदना चालेल, कोणती नाही?

शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतची, स्नायूत किंवा कंडरेत जाणवणारी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमणारी वेदना बहुधा चालते. एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची वेदना, रात्री ठणकणे, सूज किंवा लंगडणे यांपैकी काहीही दिसले, तर धावणे थांबवून डॉक्टर गाठावा. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये, कारण त्याने धोक्याची सूचनाच बंद होते. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

भरलेल्या नोंदणीचे काय?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. ऑक्टोबरमध्ये पहिल्या टप्प्यावर असलेला धावपटू नोव्हेंबरमध्ये सलग ३० मिनिटे धावू शकेल. तिथून दोन महिन्यांत २१ किलोमीटर गाठणे म्हणजे हाडांचे तीन महिन्यांचे चक्र धुडकावणे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील हिल मॅरेथॉनला आणखी वेळ द्यावा, कारण उतारावर मांडी आणि गुडघ्यांवर जास्त ताण येतो. त्यामुळे फी बुडाली तरी चालेल. शक्य असेल तर कमी अंतराच्या गटात बदली मागावी, नाहीतर या वर्षी मित्रांना पाणी द्यायला रस्त्याच्या कडेला उभे राहावे आणि पुढच्या वर्षीची नोंदणी करावी.