इको-फ्रेंडली डायपर: बाळासाठी कोणता निवडायचा, आणि दुकानात कोणता ठेवायचा?

बेबी शॉप काढणाऱ्यांचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, इको-फ्रेंडली डायपरला मागणी आहे म्हणतात. माल भरू का?" व्हिडिओमध्ये थोडक्यात सांगितलं होतं, इथे हिशेबासकट सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. हा माल साबणासारखा नाही. तो दोन-अडीच वर्षं बाळाच्या अंगाला लागून राहणार आहे. पहिल्या बाळाची आई तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देते. म्हणून आधी आईच्या जागी बसून निवड करा, मग दुकानदाराच्या.

डायपरच्या आत असतं काय?

बाजारातला एक साधा डायपर कात्रीने कापून बघा. वर प्लास्टिकच्या धाग्यांचं मऊ कापड, आत लाकडाचा लगदा, त्यात साखरेसारखे बारीक दाणे आणि खाली पातळ प्लास्टिक. ते दाणे म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पाणी पडलं की फुगून जेली होते, म्हणून बाळ कोरडं राहतं. काम उत्तम करतात, पण मातीत सहज कुजत नाहीत. खालचं प्लास्टिकही नाही.

आता "बांबू डायपर" बघा. बऱ्याचदा त्यात फक्त वरचा थर बांबूपासून काढलेल्या व्हिस्कोसचा असतो. आत तेच दाणे. माल वाईट नाही, स्पर्शाला मऊही असतो. पण "बांबूचा आहे म्हणजे खत होईल" असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

बाजारात मुख्य चार प्रकार

१. सुती लंगोट: आजीच्या काळचा. स्वस्त, लवकर वाळतो, पण गळती थांबवत नाही. घरात, दिवसा, तान्ह्या बाळाला उत्तम.

२. घडीचं कापड आणि वर कव्हर: बाहेरून वॉटरप्रूफ कव्हर, आत सुती घडी. घडी बदलायची, कव्हर खराब झालं नसेल तर तेच परत.

३. बटणांचा कापडी डायपर: बाहेर पीयूएल नावाचं वॉटरप्रूफ कापड, आत शोषणारं पॅड. बटणांनी साइज कमी-जास्त होते. मुंबईच्या पल्लवी उटगी यांचा सुपरबॉटम्स हा याच प्रकारातला ओळखीचा ब्रँड.

४. "कंपोस्टेबल" किंवा "वनस्पतीजन्य" डिस्पोजेबल: महाग. आणि कंपोस्टेबल माल कुजायला योग्य तापमान आणि ओलावा लागतो. वापरलेला डायपर जर शेवटी कचरा डेपोतच जाणार असेल, तर जास्तीच्या पैशांचा फायदा फार उरत नाही.

कापडी म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक का?

नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये दोन्हींचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. एका बाळाच्या अडीच वर्षांसाठी डिस्पोजेबलचं कार्बन उत्सर्जन साधारण ५५० किलो, आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडीचं ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखंच! पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे २०० किलोने खाली येतो. उलट खूप गरम पाणी आणि ड्रायर वापरला तर कापडीच जास्त नुकसान करतो.

आपल्याकडे दोरीवर वाळवणं आणि मोठ्या भावंडाचं धाकट्याला घालणं ही घरोघरची रीत आहे. म्हणून कापडी डायपर आपल्याला शोभतो. विकताना हीच गोष्ट सांगा, ती खरी आहे.

गिऱ्हाइकाच्या खिशाचा हिशेब

आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा. रोज ५ डिस्पोजेबल, एक १० रुपयांना: महिन्याला १,५००, दोन वर्षांत ३६,०००.

आता मिश्र पद्धत. दिवसा ४ कापडी, रात्री १ डिस्पोजेबल. १५ कापडी डायपर ४०० रुपयांप्रमाणे ६,०००. जास्तीचे पॅड २,०००. रात्रीचे डिस्पोजेबल ७,३००. धुण्याचा खर्च महिना ३०० धरला तर ७,२००. एकूण २२,५००. बचत १३,५०० रुपये. दुसऱ्या बाळाला कापडीचा खर्च जवळपास वाचतो.

१५ का? एक दिवसाआड धुतले तर ८ धुण्यात, ७ वापरात. आणि कोकणातला किंवा मुंबईतला जुलै आठवा! कव्हर वाळतं, जाड पॅड वाळत नाही. म्हणून पावसाळ्यात नवा डायपर विकण्यापेक्षा जास्तीचे पॅड विका. गिऱ्हाईक दुवा देईल.

विकताना हे सांगायलाच हवं

सुती पॅड वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवावे लागतात, तेव्हा ते नीट शोषतात. फॅब्रिक सॉफ्टनर वापरला की शोषणं कमी होतं. मायक्रोफायबरचं पॅड थेट त्वचेला लावायचं नाही. आणि कापडी असो की डिस्पोजेबल, दर दोन-तीन तासांनी बघायचं, शी झाली की लगेच बदलायचं. "याने रॅश येतच नाही" असं कधीच बोलू नका. रॅश दिसला तर डॉक्टरकडे पाठवा.

लेबल वाचायला शिका

घाऊक व्यापाऱ्याला तीन प्रश्न विचारा: डायपरचा कोणता भाग कुजतो? कुठे आणि किती दिवसांत? त्याचा टेस्ट रिपोर्ट आहे का? डिस्पोजेबल बेबी डायपरसाठी आयएस १७५०९ हे भारतीय मानक आहे, त्याचीही चौकशी करा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. "इको-फ्रेंडली", "ग्रीन" असे मोघम शब्द पुराव्याशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत. तुमचं इन्स्टाग्राम रीलसुद्धा जाहिरातच आहे. त्यापेक्षा सरळ लिहा: "धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती डायपर." हे वाक्य कोणी खोटं पाडू शकत नाही.

बिलाचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बेबी नॅपकिन आणि डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या दराने बिल येत असेल तर थांबवा, सीएला दाखवा.

२०,००० रुपयांत सुरुवात कशी करायची?

- बटणांचे कापडी डायपर २० नग (२८० खरेदी): ५,६००
- जास्तीचे पॅड २० (१२० खरेदी): २,४००
- लंगोट आणि मलमल: २,०००
- चांगले डिस्पोजेबल, लहान पॅक: ५,०००
- ओल्या कपड्यांच्या पिशव्या, लायनर: १,५००
- हातात राखीव: ३,५००

डिस्पोजेबल ठेवाच. त्यात मार्जिन कमी, पण गिऱ्हाईक दर महिन्याला दुकानात येतं. कापडीत एका विक्रीला मार्जिन चांगलं, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. दोन्ही मिळून गल्ला चालतो. आणखी एक फायदा: डिस्पोजेबलमध्ये पाच साइज भराव्या लागतात आणि एखादी पडून राहते. बटणांच्या डायपरमध्ये बरीचशी बाळं एकाच साइजमध्ये बसतात.

पंधराचा सेट पहिल्याच दिवशी गळ्यात मारू नका. तीन द्या, पंधरा दिवस वापरू द्या, आवडले तर बाकीचे. डोहाळजेवण आणि बारशासाठी तीन डायपरचा गिफ्ट पॅक बनवा. आणि काउंटरवर डेमो ठेवा: पॅडवर ५० मिली पाणी ओता, वरून टिश्यू दाबा. सोबत आलेल्या आजींना आधी दाखवा. लंगोट त्यांना ठाऊकच आहे, फक्त बटण नवीन आहे. आजी पटल्या की घर पटलं.

शेवटचं, पण महत्त्वाचं

डिस्पोजेबल विकलात की तो टाकायचा कसा, हेही सांगा. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर हा सॅनिटरी कचरा आहे, तो नीट गुंडाळूनच द्यायचा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने 'रेड डॉट' मोहीम चालवली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना न उघडता कळतं. प्रत्येक पॅकसोबत जुन्या वर्तमानपत्राचे चार तुकडे आणि एक लाल स्केचपेन द्या. खर्च दहा रुपयांच्या आसपास, आणि हे काम खरोखर पर्यावरणाचं आहे.

तुमच्या गावात कोणता प्रकार चालतो, कोणत्या भावाला मिळतो, कमेंटमध्ये लिहा. हिशेब अडला तर आकडे टाका, आपण मिळून सोडवू.