काळ्या दगडाची पात्रे, पांढरीची टेकाडे

नाशिकहून रस्त्याने पुण्याला निघालेला माणूस प्रवरा, मुळा, कुकडी, मीना, घोड आणि भीमा अशा नद्या ओलांडतो. वर्षातले आठ महिने या पुलांखाली फारसे पाणी नसते, त्यामुळे खिडकीतून खाली बघण्याचे कारणही कुणाला पडत नाही. पण अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, पारनेर, जुन्नर आणि शिरूर या तालुक्यांतून वाहणाऱ्या या नद्यांच्या काठी जेवढा जुना माणूस आणि जेवढा जुना दगड एकत्र पाहायला मिळतो, तेवढा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळेल. तरीही या भागाची पर्यटनाची यादी किल्ले, धरणे, धबधबे आणि देवस्थानांपाशी संपते. ती यादी थोडी लांबवावी, म्हणून हा आढावा.

सुरुवात दगडापासून करायला हवी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हा सगळा प्रदेश घडला. त्याचा काप पाहायचा तर अकोले तालुक्यात रतनवाडी-साम्रदकडे जावे. साम्रदची सांधण दरी म्हणजे बसाल्टला गेलेली प्रचंड भेग. तळाशी उभे राहिले की आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. प्रवरा याच परिसरात, रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या खाली रंधा धबधब्यात कोसळते. या ठिकाणांबद्दल इतके लिहून झाले आहे, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे इतकी वाहने अडकतात, की इथे आणखी भर घालत नाही.

निघोजबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. पारनेर तालुक्यातले निघोज आणि पलीकडच्या तीरावरचे, शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्या मधोमध कुकडीचे पात्र एकाएकी बदलते. सपाट काळा कातळ पसरलेला आणि त्यात नदीने आपला मार्ग असा कोरलेला, की वरून पाहताना पात्र आहे की कुणी सोडून दिलेले कोरीव लेणे, असा प्रश्न पडावा. हेच रांजणखळगे, गावात त्यांना कुंडे म्हणतात. काही वाटीएवढे उथळ, तर काहींत माणूस सहज उभा राहील. कित्येक एकमेकांत फुटून त्यांची घळच झाली आहे.

हे घडते कसे, ते जागेवरच समजते. पुराच्या पाण्याला कातळातला एखादा खोलगट भाग सापडतो आणि तिथे भोवरा धरतो. भोवऱ्यात अडकलेले गोटे आणि वाळू गोल गोल फिरत कातळ खरवडत राहतात. गोटे झिजून संपले की पुढच्या पुरात नवे येतात. सगळा बसाल्ट सारखा कठीण नसतो. थरातल्या भेगा आणि वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या या कामाला वाट करून देतात. पाणी ओसरल्यावर खळग्याच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून पडलेले दिसतात. खळगे आणि ते खोदणारी हत्यारे एकाच जागी सापडावीत, असे भूगोलाच्या शिक्षकाला आणखी काय हवे? ही कुंडे ‘आशियातली सर्वात मोठी’ असल्याचे तिथे हमखास सांगितले जाते. त्याचे मोजमाप कुणी कसे केले, हे विचारण्याच्या भरीस पडू नये. अशा बिरुदाशिवायही ती पाहण्याजोगी आहेत.

काठावर मळगंगेचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला गावातल्या बारवेत देवीची घागर प्रकट होते, अशी श्रद्धा आहे आणि त्या रात्री दूरदूरची माणसे जमतात. या देवीमुळेच कुंडांचे बरेच रक्षण झाले असावे. देवीच्या पात्रात सुरुंग लावायला माणूस कचरतो. सरकारी फलकाला तो तेवढा घाबरत नाही.

याच कुकडीच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुक आहे. इथे पाहण्याजोगे काय, असे विचारले तर नदीकाठच्या दरडीत दिसणारा करडा-पांढुरका राखेचा थर, एवढेच उत्तर. ही राख ज्वालामुखीची आहे, आणि दख्खनचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावलेले. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, तीन हजारांहून अधिक किलोमीटर हवेतून वाहत. राखेच्या थराच्या सान्निध्यात आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात बोरीचे नाव जगभरच्या पुराश्मविद्येच्या चर्चेत नेले. राखेचे वय सांगता आले, तर हत्यारांचे वय ठरवायला आधार मिळतो. म्हणूनच भांडण वयावर झाले. पहिल्यांदा सुमारे १४ लाख वर्षे सांगितली गेली, मग सुमारे ६.७ लाख, तर काहींच्या मते ही तोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख. वाद अजून पुरता मिटलेला नाही. बारामती तालुक्यात मोरगावलाही कऱ्हेच्या काठी अशीच राख आणि अशीच हत्यारे आहेत. मयूरेश्वराच्या दर्शनाला वर्षभर येणाऱ्या लोकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? देवस्थानाने एक फलक लावला तरी पुष्कळ होईल.

नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९५० च्या दशकात इथे आले ते प्रवरेच्या काठच्या दरडी वाचायला. दरडीत गोट्या-वाळूचे घट्ट झालेले थर एकावर एक आहेत. खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, तर वरच्यात अकीक, जास्पर, चर्ट अशा गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान छिलका-हत्यारे. या दुसऱ्या प्रकाराला सांकलियांनी या गावाचेच नाव दिले आणि ‘नेवासियन’ हा शब्द पुराश्मयुगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुद्रुन कोर्विनस या जर्मन विदुषीने जवळच्या चिरकी नाल्यावर उत्खनन करून अश्यूलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतल्या, हत्यारांचा मोठा साठा उजेडात आणला. प्रवरेने डोंगरातून गोटे आणून टाकले, माणसाने त्यातलेच उचलून हत्यारे केली आणि नदीने ती पुन्हा गाळाखाली झाकून ठेवली. निघोजला भोवरा करणारे पाणी आणि नेवाशाला पुरावा जपणारे पाणी यांचे काम वेगळे नाही. म्हणून ‘निसर्गस्थळे’ आणि ‘पुरातत्त्वस्थळे’ असे दोन रकाने पाडणे मला या खोऱ्यांपुरते तरी चुकीचे वाटते.

नेवाशाचे उत्खनन दरडीपुरते थांबले नाही. गावाजवळच्या लाडमोड टेकाडात ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या वस्त्यांचे थर निघाले. तिथल्या एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकून राहिलेला दोरा कापसाचा व रेशमाचा असल्याचे तपासणीत दिसले. घोडकाठच्या चांडोलीला असाच दोरा मिळाला, तो जवसाच्या तंतूंचा.

इथून पुढचे सारे या टेकाडांचेच आहे. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये खोदकाम झाले आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी, पुढे तोटी असलेली भांडी सापडली. तशीच भांडी पुढे दख्खनभर मिळत गेली आणि एका लहान गावाचे नाव संस्कृतीला लागले. आज जोर्व्यात हे सांगणारे फारसे काही दिसत नाही.

श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद त्याहून मोठे. १९५८ मध्ये हे स्थळ लक्षात आले, पण गाजले ते १९७४ साली. तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना जमिनीत चार वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ व तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळे भरीव ओतीव काम. एकत्र वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण जास्त असल्याने त्या खरोखर या टेकाडाएवढ्या जुन्या आहेत का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. पण नंतरच्या उत्खननाने दायमाबादचे महत्त्व या शिल्पांवर अवलंबून ठेवले नाही. सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच संस्कृतींचे थर एकाच टेकाडात आणि हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा प्रवरेच्या काठी, ही गोष्ट रथापेक्षा मोठी आहे.

पण मला सर्वात जवळचे वाटते ते शिरूर तालुक्यातले इनामगाव. १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी घोडकाठचे हे टेकाड खणले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळात इथे लोक राहत होते. जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत होते. नदीचे पाणी वळवायला त्यांनी पाट काढला, बांध घातला. पाच खोल्यांचे घर गावच्या प्रमुखाचे असावे. धान्याचे कोठार त्याला लागूनच. मृतांना घरातच जमिनीखाली पुरत, मोठ्यांचे पाय घोट्यापाशी तोडून आणि लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून. अपवाद एका पुरुषाचा: चार पायांच्या मातीच्या रांजणात त्याला मांडी घालून बसवले होते आणि त्याचे पाय शाबूत होते. मातीच्या डबीत शिर नसलेली देवी आणि सोबत बैलही मिळाला. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेरडे-मेंढरे आणि शिकार वाढली. पाऊस कमी होत गेला, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान. शिरूर-पारनेरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या टेकाडांची दुर्दशा मात्र सांगावी लागते. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती भुसभुशीत असते. ती धाब्यावर टाकायला आणि शेतात खत म्हणून पसरायला लोक पिढ्यान्‌पिढ्या नेत आले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण ट्रॅक्टर आणि जेसीबी आल्यावर पिढीचे काम एका उन्हाळ्यात होऊ लागले. वाळूउपशाने नदीकाठच्या दरडी ढासळतात आणि त्यांच्याबरोबर हत्यारांचे थरही जातात. निघोजला निदान लोक येतात, कचरा टाकतात आणि फोटो काढतात. इनामगावच्या टेकाडाला तेवढेही कुणी ओळखत नाही. सापडलेल्या वस्तू शहरांतल्या संग्रहालयांत गेल्या, हे सुरक्षिततेसाठी ठीकच. पण तालुक्याच्या ठिकाणी प्रतिकृती, नकाशे आणि दोन खोल्या एवढे करायला कुठल्याही जिल्हा परिषदेला अवघड नाही.

पाहायला जायचे असेल तर दिवाळीनंतर, पाणी ओसरल्यावर निघावे. कुंडांच्या काठाशी शेवाळ असते, वाकून फोटो काढू नये. टेकाडावर किंवा दरडीत एखादे खापर, हत्यार दिसले तर उचलू नये, होते तिथेच राहू द्यावे. थरातून उचललेला दगड नंतर नुसता दगड राहतो. आणि ज्यांची शेते या नद्यांकाठी आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तो कायदा अजून लागू आहे.