ताबा सुटलेल्या पेशीची ऐंशी वर्षं

१९४४ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. परळचं टाटा मेमोरियल सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. तंबाखूवर संशय जुनाच होता, पण ती गालातल्या पेशीचं नेमकं काय करते हे कोणालाच सांगता येत नव्हतं. डीएनएची रचनाच मुळी १९५३ मध्ये उलगडली. खानोलकरांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून आल्या आणि त्यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी वाढवून पाहण्याची सोय आपल्याकडे त्यामुळे झाली.

खरी कलाटणी सत्तरच्या दशकातली. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांनी दाखवलं की कोंबड्यांत गाठ करणाऱ्या व्हायरसचा जीन मुळात निरोगी कोंबडीचाच होता, व्हायरसने तो उचलला होता. म्हणजे शत्रू बाहेरून येतोच असं नाही; वाढीचा हुकूम देणारा आपलाच जीन बिघडतो. पाठ्यपुस्तकं इथे वाढ घडवणारे जीन म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ती रोखणारे म्हणजे ब्रेक, एवढं सांगून मोकळी होतात. पण पेशीत जवळपास प्रत्येक ब्रेक दुहेरी असतो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट सुटून जाते. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरवरून नुडसन या संशोधकाने १९७१ मध्येच ते ताडलं होतं: आरबी जीनची एक प्रत गेली तरी दुसरी सांभाळते, दोन्ही गेल्या की पेशी सुटते. पी-५३ या दुसऱ्या ब्रेकची गंमत वेगळीच. १९७९ मध्ये तो सापडला आणि पुढची दहा वर्षं त्याला गुन्हेगार समजलं गेलं. प्रत्यक्षात डीएनए बिघडला की विभाजन थांबवणारा, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावणारा पहारेकरी तोच.

आता यवतमाळच्या पानठेल्यावर या. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र चालूच राहिला. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स डीएनएत चुका पेरतात. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साठत जातं. माणूस आधी म्हणतो, तिखट सोसत नाही. मग जबडा आखडतो, उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत. हा सबम्युकस फायब्रोसिस. कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा. एका चुकीने कॅन्सर होत नाही, चुका साठाव्या लागतात, आणि त्याला बहुधा वर्षं लागतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी पेशीचक्र पाठ करण्याआधी हा वेळेचा हिशेब समजून घ्यावा असं मला वाटतं.

वर्षं लागतात, म्हणजे वाटेतच पकडायला वेळ मिळतो. तो हिशेब गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत मराठवाड्यात सिद्धही झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने झाला. नमुने घेण्याचं काम प्रशिक्षित परिचारिकांचं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही व्हायरसच्या एकदाच केलेल्या तपासणीने त्याचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा व्हायरसही पी-५३ आणि आरबी या दोघांनाच निकामी करतो.

तोंडाच्या तपासणीला तर टॉर्च पुरतो. खर्रा कोणत्या गालात धरता, हे आधी विचारा आणि उजेड त्याच बाजूच्या खोबणीत टाका. पांढरा किंवा लाल चट्टा बहुतेकदा तिथेच सापडतो.