इंकांचे राज्य टिकले असते तर

जे घडले तेच काय ते घडू शकत होते, ही समजूत विजेत्यांच्या बखरींनी जगभर रूढ केली आहे, आणि तिच्या समर्थनार्थ दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्याच्या विनाशाचा दाखला हटकून दिला जातो. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का या डोंगरी नगरात फ्रान्सिस्को पिझारोने १६८ माणसे आणि ६२ घोडे एवढ्या शिबंदीनिशी सम्राट आताहुआल्पाला त्याच्या हजारो सेवकांच्या देखत कैद केले, एक दालन भरून सोने आणि दोनदा भरून रुपे अशी खंडणी वसूल केली, आणि खंडणी हाती पडल्यावर १५३३ च्या जुलैत त्याला गळा आवळून ठार केले. ही हकीकत ऐकल्यावर पोलाद, बंदुकीची दारू आणि अश्व यांच्यापुढे पाषाणाचा व कांस्याचा निभाव लागणे शक्यच नव्हते, असा ग्रह वाचकाच्या मनात सहज दृढ होतो. माझ्या मते तो ग्रह चुकीचा आहे, आणि काहामार्कापाशीच वाचन थांबवल्यामुळे तो झाला आहे.

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही असे म्हणणारे लोक कार्यकारणाचा विचार करताना नकळत ‘जर-तर’चाच आश्रय घेत असतात, कारण अमुक एका कारणाने राज्य बुडाले असे विधान करणे म्हणजे ते कारण नसते तर राज्य बुडाले नसते, असे म्हणणेच होय. मराठी वाचकाला ही विचारपद्धती अपरिचित नाही. पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी किंचित हुकली असती तर हिंदुस्थानचे काय झाले असते, या कल्पनेवर जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा रचली. फ्रेंच कादंबरीकार लोराँ बिने याने २०१९ साली आताहुआल्पालाच अटलांटिक ओलांडून युरोपात राज्य स्थापन करायला लावले, परंतु त्यासाठी त्याला सुमारे पाचशे वर्षे आधीच नॉर्स दर्यावर्दींकरवी लोखंड, घोडे आणि रोगांशी झुंजण्याची ताकद अमेरिकेत पोहोचवावी लागली. कादंबरीकाराला ही मुभा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र शक्य तितका लहान बदल करून परिणाम तपासावा लागतो.

ज्या राज्याचा हा विचार आहे त्याची बांधणी मोठी विलक्षण होती. इंका आपल्या मुलखाला ‘तवांतिनसुयू’, म्हणजे एकत्र नांदणारे चार सुभे, असे म्हणत आणि कुस्को हे त्यांचे मध्यस्थान होते. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या या राज्यात सुमारे तीस हजार किलोमीटर लांबीचे रस्ते होते, आणि त्यांवर ठिकठिकाणी मुक्कामाच्या सराया, निरोप घेऊन धावणाऱ्या जासुदांच्या चौक्या आणि मक्याने, वाळवलेल्या बटाट्याने, कापडाने व शस्त्रांनी भरलेली कोठारे होती. लिहिण्याची लिपी नव्हती. तरी रंगीत दोऱ्यांच्या गाठींत सारे दप्तर, खानेसुमारी आणि जमाबंदी बिनचूक ठेवली जाई. चलन नव्हते, बाजारही अल्पच. प्रजेकडून कर घेतला जाई तो श्रमाच्या रूपाने. या श्रमाच्या मोबदल्यात दुष्काळात कोठारे उघडली जात, हे खरे; परंतु बंडखोर जमातींना समूळ उठवून परमुलखात वसवण्याची रीतही याच राज्याची, आणि ती सोसलेल्या कान्यारी, हुआंका, चाचापोया या लोकांनी पिझारोला मित्र मानले, तेव्हा ते अकारण फितूर झाले असे म्हणवत नाही.

हे राज्य पिझारो येण्यापूर्वीच दुभंगले होते. मेक्सिकोत १५२० साली पसरलेल्या देवीने आस्तेकांचा नवा सम्राट क्विट्लाहुआक याला गादीवर बसल्यानंतर थोड्याच दिवसांत गाठले. पुढच्या काही वर्षांत, स्पॅनिश माणूस दृष्टीस पडण्याच्या आधी, बहुधा तीच साथ अँडीजमध्ये शिरली आणि १५२७ च्या सुमारास सम्राट ह्वायना कापाक व त्याचा नियोजित वारस असे दोघेही गेले. कुस्कोत हुआस्कार आणि कितोकडे आताहुआल्पा या सावत्र भावांत वारसायुद्ध जुंपले. आताहुआल्पा विजयी झाला, आणि हुआस्कार कैद झाल्याची वार्ता ताजी असतानाच त्याची पिझारोशी गाठ पडली.

त्याच इबेरियन लोकांच्या हाती तीच शस्त्रे असताना इतरत्र काय घडले, हेही पडताळून पाहावे. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. पण गोव्याच्या भूमीत तिसवाडी, बारदेश आणि साष्टी यांपलीकडे पोर्तुगीज अंमल स्थिरपणे पसरायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. घाटमाथ्यावरच्या राज्यांकडे तोफा आणि घोडे होते, हे तर झालेच. परंतु देवीची साथ या भूमीला शतकानुशतके परिचित होती, आणि पाहुण्याच्या पाठोपाठ आलेल्या रोगाने येथला राजा, त्याचा वारस व निम्मी प्रजा एकाच हंगामात नाहीशी होत नव्हती. अमेरिकेत रोगाने राज्ये आतून पोखरली, स्थानिक शत्रूंनी माणसे पुरवली, आणि पोलादाचे काम त्यानंतर सुरू झाले.

मग बदल कोठे करावा? साथ आलीच नसती असे कल्पिणे व्यर्थ आहे. दोन खंडांचा संपर्क एकदा झाला की ती येणारच होती. काहामार्काला आताहुआल्पा सावध राहिला असता असे पुष्कळ जण कल्पितात; मला मात्र खरा फाटा चार वर्षांनंतर, १५३६ साली फुटलेला दिसतो.

पिझारोने कुस्कोच्या गादीवर बसवलेला मांको इंका हा ह्वायना कापाकचाच पुत्र. स्पॅनिशांनी त्याचा छळ केला, त्याच्या स्त्रियांची विटंबना केली, सोन्यासाठी त्याला साखळदंडांत ठेवले. १५३६ च्या एप्रिलमध्ये पित्याची सुवर्णमूर्ती आणून देण्याच्या मिषाने तो पिझारोचा भाऊ एर्नांदो याची परवानगी घेऊन नगराबाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत कुस्कोभोवतीच्या डोंगरांवर फौजच फौज दिसू लागली. समकालीन स्पॅनिशांनी सांगितलेला लाख-दोन लाखांचा आकडा अतिशयोक्त धरला, तरी आत सापडलेले स्पॅनिश दोनशेहून कमी होते. गोफणीतून तापलेले दगड टाकून नगराची गवती छपरे पेटवण्यात आली. साक्सायवामानच्या किल्ल्यावरील झुंजीत पिझारोचा भाऊ ह्वान दगड लागून मेला. याच वेळी सेनापती कीसो युपांकी याने किनाऱ्याकडून निघालेल्या कुमकेच्या तुकड्या एकामागून एक अरुंद खिंडींत गाठून, वरून शिळा लोटून नाहीशा केल्या. पुढल्या वर्षाच्या आरंभी ओयांतायतांबो येथे मांकोने पाटाचे पाणी मैदानात सोडून एर्नांदोच्या घोडदळाला माघार घ्यायला लावली. त्या दिवशी हाती भाला घेऊन मांको स्वतः घोड्यावर बसला होता आणि त्याच्या लोकांनी हस्तगत केलेल्या बंदुकाही झाडल्या. अवघ्या चार वर्षांत या लोकांनी शत्रूची युद्धविद्या आत्मसात केली होती. पाषाणयुगी भाबडेपणाने ते हरले असे म्हणणाऱ्यांनी ही लढाई अवश्य अभ्यासावी.

तरीही मांको हरला. पेरणीचा हंगाम आला तसे त्याचे शेतकरी-सैनिक घरोघर परतले. सपाट वाळूवरल्या लिमा नगरावर हल्ला करण्याच्या भरात कीसो स्वतः मारला गेला. लिमाजवळ पुरुचुको येथे या शतकाच्या आरंभी त्या उठावातले म्हणून जे सांगाडे उत्खननात मिळाले, त्यांतील बहुतेकांच्या हाडांवर स्थानिक शस्त्रांचे घाव आढळले. युरोपीय शस्त्रांच्या खुणा थोड्यांवरच होत्या. लिमाचे रक्षण करणारी फौज मुख्यतः अमेरिकेच्याच पुत्रांची होती.

आता एवढाच बदल करून पाहू: हुआंका आणि किनाऱ्यावरच्या सरदारांशी मांकोने आधी तह केला, कीसोला सपाटीवर उतरू दिले नाही, आणि कुस्को पावसाळ्यापूर्वी पडले. किनारा स्पॅनिशांच्या हाती राहिलाच असता, कारण पनामा व मेक्सिकोहून येणारी रसद समुद्रमार्गे येत होती आणि समुद्रावर इंकांचा इलाज नव्हता. परंतु डोंगरी मुलूख पुन्हा जिंकायला जी एकजूट लागते, ती स्पॅनिशांपाशी नव्हती. १५३८ साली पिझारोचा भागीदार आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेला आल्माग्रो याला देहदंड झाला, १५४१ साली आल्माग्रोच्या पक्षाने फ्रान्सिस्को पिझारोचा खून केला, आणि १५४६ साली फ्रान्सिस्कोचा भाऊ गोन्सालो पिझारो याने राजाच्या व्हाइसरॉयलाच रणांगणावर मारले. अशा दहा वर्षांत कुस्कोत स्थिरावलेल्या मांकोशी स्पेनच्या राजाने सरहद्दीचा तहनामा केला असता, असे मी म्हणतो ते निव्वळ कल्पनेने नव्हे. कुस्को गमावून विल्काबांबाच्या अरण्यात गेलेल्या मांकोच्या चिमुकल्या राज्याशीसुद्धा १५६६ साली अकोबांबा येथे तह करावा लागला होता. मांकोने आश्रय दिलेल्या आल्माग्रोपक्षीयांनीच १५४४ साली त्याचा खून केला होता, आणि तरीही ते राज्य १५७२ पर्यंत टिकले.

त्याहून भक्कम पुरावा दक्षिणेकडे आहे. चिलीतल्या मापुचे लोकांत राजा नव्हता, राजधानी नव्हती. त्यामुळे काहामार्कासारखा एका घावात मामला उरकणे तेथे शक्यच नव्हते. स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे वाल्दिविया याच्या पागेत काम करता करता लाउतारो हा मापुचे तरुण घोड्यांची विद्या शिकला आणि १५५३ साली त्याच वाल्दिवियाचा त्याने अंत घडवला. १५९८ साली कुरालाबा येथे गव्हर्नर मार्तिन गार्सिया ओन्येस दे लोयोला मारला गेला. विल्काबांबाचा शेवटचा इंका तुपाक आमारू याला पकडणारा हाच तो सरदार. पुढच्या काही वर्षांत बिओबिओ नदीच्या दक्षिणेकडील स्पॅनिश नगरे उद्ध्वस्त झाली आणि १६४१ च्या किलिन येथील तहात ती नदी सरहद्द म्हणून मान्य झाली. तो मुलूख अखेर गेला तो १८६१ ते १८८३ या काळात, स्वतंत्र चिलीच्या हाती.

म्हणून टिकलेल्या इंका राज्याचे चित्र रंगवताना कोणी सुवर्णयुगाचे चित्र रंगवू नये. साथी पुन्हा पुन्हा आल्याच असत्या. लोकसंख्या ढासळून सावरायला काही पिढ्या गेल्या असत्या. घोडे, गहू, लोखंड आणि बहुधा क्रूसही कुस्कोत पोहोचला असता. मात्र १५४५ साली सापडलेली पोतोसीची रुप्याची खाण कोणाच्या अमलाखाली राहिली असती, हा प्रश्न साऱ्या जगाच्या दृष्टीने मोठा आहे. व्हाइसरॉय तोलेदोने इंकांचीच श्रमकराची पद्धत वाकवून दरवर्षी हजारो माणसे त्या खाणीत वेठीला जुंपली. ते रुपे सेव्हिलला, तेथून युरोपच्या व्यापाऱ्यांमार्फत सुरतेला आले आणि मोगल टांकसाळींत वितळून त्याचे रुपये पडले. इंकांच्या लेखी रुपे हे देवाचे आणि राजाचे भूषण होते, चलन नव्हते. ते डोंगरातच राहिले असते, अथवा कुस्कोच्या दराने थोडे थोडे बाहेर आले असते, तर स्पेनच्या युद्धांची आणि हिंदी महासागरातल्या व्यापाराची चाल मंदावली असती, एवढे खात्रीने म्हणता येते.

या साऱ्या युद्धाची मांकोच्या बाजूची हकीकत उपलब्ध आहे. त्याचा पुत्र तितू कुसी युपांकी याने विल्काबांबातून १५७० साली ती तोंडी सांगितली, मार्कोस गार्सिया या पाद्र्याने ती स्पॅनिशमध्ये आणली आणि मार्तिन पांदो या लेखनिकाने ती उतरून घेतली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी पाठवलेले ते निवेदन आहे. आज महाराष्ट्रात स्पॅनिश शिकणाऱ्या तरुणांची संख्या थोडी नाही. त्यांच्यापैकी कोणीतरी हे छोटे पुस्तक टिपांसह मराठीत आणण्याचे काम हाती घ्यावे, ही माझी त्यांना मनापासूनची विनंती आहे.